सॉफ्टवेअरच्या कामात धाव नको, चाल हवी

आपल्या समाजातील शिकलेली मुले पूर्वी आखाताची वाट धरीत. आता घराघरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत नाहीतर बंगळुरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असते. पगार चांगला, कामाची जागा थंडगार, हे सर्व खरे. परंतु रात्री एक वाजता मुलाच्या खोलीतला दिवा जळताना पाहून आई विचारते, बेटा, अजून काम संपले नाही? उत्तर येते, "अम्मी, उद्या स्प्रिंट संपतोय." पंधरा दिवसांनी पुन्हा तोच दिवा आणि तेच उत्तर.

स्प्रिंट म्हणजे जीव तोडून केलेली थोड्या अंतराची धाव. ही धाव दोन आठवड्यांची धरली तर वर्षात अशा २६ धावा होतात. लागोपाठ २६ शर्यती धावणारा माणूस कोणी पाहिला आहे काय? मग ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना एवढे कळत नव्हते? कळत होते. किंबहुना या पद्धतीच्या मुळाशी नेमकी उलट गोष्ट सांगितलेली आहे आणि तीच पुष्कळ ठिकाणी विसरली गेली आहे. मुलांचे पालक, लहान सॉफ्टवेअर कंपन्या चालविणारे आपले तरुण आणि पैसे मोजून सॉफ्टवेअर करून घेणारे आम्हा व्यापाऱ्यांसारखे गिऱ्हाईक, या तिघांनीही ती समजून घेणे जरुरीचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पद्धत काय आहे?

या पद्धतीला अॅजाइल म्हणतात. अॅजाइल म्हणजे चपळ. पूर्वी सॉफ्टवेअरचे मोठे काम इमारतीच्या बांधकामासारखे चाले. आधी संपूर्ण नकाशा, मग बांधणी, शेवटी तपासणी आणि त्यानंतर गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली. किल्ली हाती येईपर्यंत गिऱ्हाइकाची गरजच बदललेली असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्यासोबत १२ तत्त्वे आहेत. काम लहान तुकड्यांत करावे, दर काही आठवड्यांनी प्रत्यक्ष चालणारा माल गिऱ्हाइकाला दाखवावा, त्याचे ऐकून पुढचा तुकडा ठरवावा, हा त्याचा सारांश. याच १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व गतीविषयी आहे. पैसे देणारे, काम करणारे आणि सॉफ्टवेअर वापरणारे या सर्वांना कितीही काळ टिकवता येईल अशी एकसारखी गती ठेवावी, असा त्याचा आशय आहे. यात तिघांची नावे घेतली आहेत हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याचे कारण पुढे येईल.

ही कल्पना त्या बैठकीत जन्मली असेही नाही. त्या १७ जणांपैकी केंट बेक यांनी १९९९ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या पद्धतीवर पुस्तक लिहिले, त्यात आठवड्याला ४० तास काम हा एक नियमच घातला होता. ४० या आकड्याचा त्यांना हट्ट नव्हता. नियमाचे मर्म असे की एखादा आठवडा जादा काम झाले तर चालेल, पण लागोपाठ दुसरा आठवडा जादा काम नको. दुसऱ्या आठवड्यातही रात्री जागवाव्या लागत असतील तर ते दुखणे तास वाढवून बरे होणारे नाही, कामाच्या आखणीतच बिघाड आहे. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तासांचा आकडा काढून टाकला आणि ताज्या दमाने करता येईल तेवढेच काम, असा नियम ठेवला.

स्प्रिंट हा शब्द स्क्रम नावाच्या पद्धतीतला. ती जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी काढली, १९९५ मध्ये तिची जाहीर मांडणी झाली. नावात धाव असली तरी नियमात ती फक्त एक ठरलेली मुदत आहे, जास्तीत जास्त एक महिन्याची. मुदत संपली की झालेले काम दाखवायचे आणि राहिलेले परत यादीत टाकायचे. मुदत वाढवायची नाही, आणि राहिलेले काम रात्रीत कोंबायचेही नाही. मुदत कायम ठेवून कामाचे माप कमी-जास्त करावे हा तिचा पाया. आपल्याकडे होते असे की मुदतही कायम, मापही कायम. मग उरतो फक्त माणूस, आणि ताण सगळा त्याच्यावर येतो.

कापडाच्या धंद्यातील वाचकांना हे पटवून देण्याची गरज नाही. यंत्रमाग त्याच्या ताकदीबाहेर पळविला तर धागा तुटू लागतो. धागा तुटला की माग थांबतो, कारागीर गाठ मारतो, माग पुन्हा चालू होतो. पाळी संपल्यावर मीटर मोजावे तर कमीच भरतात, आणि जे भरतात त्यात दोष निघून माल सेकंडमध्ये जातो. मालेगावात जुम्म्याला माग बंद राहतात. सूत, बीम आणि मजुरी यांचा हिशेबच तेथे सहा दिवसांचा असतो, त्यामुळे सातव्या दिवसाचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. सॉफ्टवेअरमध्ये फरक एवढाच की मागावर तुटलेला धागा त्याच क्षणी दिसतो. थकलेल्या माणसाने मध्यरात्री केलेली चूक तीन महिन्यांनी दिसते, जेव्हा एखाद्या दुकानदाराच्या बिलावर भलताच कर लागून येतो.

वॉर्ड कनिंगहॅम हेही त्या १७ जणांतलेच. त्यांनी १९९२ मध्ये या गोष्टीला कर्जाची उपमा दिली. काम नीट न बसविता पुढे जाणे म्हणजे कर्ज उचलणे. लवकर फेडले तर ठीक, नाहीतर पुढच्या प्रत्येक कामात त्याचे व्याज भरावे लागते, आणि एक दिवस असा येतो की सगळा वेळ व्याजातच जातो, नवे काम होतच नाही. सुदाच्या पैशापासून दूर राहण्याची शिकवण असलेल्या आपल्या वाचकांना ही उपमा जास्त समजावून सांगायला नको.

जादा तासांचा अतिरेक कुठवर जातो याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळ बनविणाऱ्या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी जाहीर पत्र लिहिले. आधी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला सहा दिवस, मग बारा तास आणि सहा दिवस, मग सातही दिवस सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत, अशी ती चढण होती. आठवड्याला सुमारे ८५ तास. पुढे जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावे झाले आणि २००५-०६ मध्ये कंपनीने चित्रकार व प्रोग्रामर यांना मिळून ३ कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन ते मिटविले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले आणि त्यावर बराच वाद झाला. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. आम्ही व्यापारी लोकही दुकानात बारा-बारा तास बसतो. परंतु त्यातले किती तास डोके चालते आणि किती तास चहा चालतो, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. प्रोग्रामरचे काम बसण्याचे नाही, विचार करण्याचे आहे. दहाव्या तासाला गल्ल्यावर बसता येते, दहाव्या तासाला गुंता सोडविता येत नाही.

वेळ जातो कुठे?

आता कोणी म्हणेल, तास वाढवायचे नाहीत तर काम वेळेवर कसे होणार? याचे उत्तर आपल्या शेजारच्याच हैदराबादेत सापडते.

२००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वापरातील सॉफ्टवेअरची दुरुस्ती आणि लहान सुधारणा करणारी एक टीम हैदराबादेत होती. तीन प्रोग्रामर आणि तीन तपासनीस. व्यवस्थापक अमेरिकेत. सांगितलेले काम हातात पडायला सुमारे पाच महिने लागत आणि ८० च्या वर कामे रांगेत पडून असत. कामे सांगणारी खाती नाराज होती. मुले हुशार होती, कागदावरची पद्धतही चोख होती. मग वेळ जात कुठे होता?

व्यवस्थापक ड्रॅगोस दुमित्रिउ यांनी डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने याचा तपास केला. नियम असा होता की नवी मागणी आली की ४८ तासांच्या आत तिला किती वेळ आणि खर्च लागेल याचा अंदाज द्यायचा. एका अंदाजापायी एक प्रोग्रामर आणि एक तपासनीस यांचा जवळजवळ एकेक दिवस जाई. अशा मागण्या सतत येत. सगळे मिळून टीमच्या ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त केवळ अंदाज देण्यात खर्ची पडत होता, आणि अंदाज दिलेल्या कामांपैकी पुष्कळशी कामे पुढे होतच नव्हती. कापडाच्या दुकानात सहा माणसांपैकी दोघे दिवसभर फक्त भाव सांगत बसली आणि भाव विचारणारा निम्मा बाजार माल न घेताच निघून गेला, तर जे होईल तेच तेथे चालले होते. शिवाय अंदाजासाठी हातातले काम मध्येच सोडावे लागे, त्यामुळे आधी कबूल केलेल्या तारखाही चुकत.

उपाय साधा निघाला. अंदाज देणे बंद केले. कामाच्या आकाराला एक वरची मर्यादा घातली, त्याहून मोठे काम या टीमकडे येणार नाही असे ठरले. एका वेळी हातात किती कामे असतील त्याचा आकडा ठरविला. एक काम पुरे झाले की जागा रिकामी होणार, आणि त्या रिकाम्या जागी पुढचे काम कोणते घालायचे ते काम सांगणाऱ्या खात्यांनी आपसात ठरवायचे. सुरुवातीला एकही माणूस वाढविला नाही, कोणाला रात्री थांबविले नाही. नऊ महिन्यांत पाच महिन्यांची मुदत दोन आठवड्यांच्या आसपास आली आणि पूर्वीच्या दुपटीहून जास्त कामे होऊ लागली. कानबान म्हणून जी पद्धत आज सॉफ्टवेअरमध्ये प्रसिद्ध आहे, तिची सुरुवात या हैदराबादच्या कामापासून धरतात. मूळ कानबान जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यातले. पुढच्या खात्याने चिठ्ठी पाठविल्याशिवाय मागच्या खात्याने सुटा भाग बनवायचा नाही, अशी ती व्यवस्था.

यामागचे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. टीमच्या हातात २० कामे उघडी आहेत आणि आठवड्याला ५ पुरी होतात, तर आत शिरलेले नवे काम बाहेर पडायला सरासरी ४ आठवडे लागतील. साहेबांनी घाई करून आणखी १० कामे सुरू करायला लावली तर ३० भागिले ५, म्हणजे ६ आठवडे. काम लवकर सुरू केल्याने उशिरा संपते. जॉन लिटल या अमेरिकन विद्वानाने १९६१ मध्ये हे सिद्ध करून दाखविले, त्याला लिटलचा नियम म्हणतात. आमचा धंदा हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. प्रोसेस हाऊसमध्ये पडलेले ग्रे कापड कितीही असो, त्यावर पैसा अडकलेला असतो आणि गिऱ्हाइकाला त्यातला एक तागाही दाखविता येत नाही. अर्धे झालेले सॉफ्टवेअर म्हणजे असे ग्रे कापड.

वायदा की अंदाज?

स्क्रमच्या नियमपुस्तिकेत २०११ मध्ये एक शब्द बदलला गेला. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामाला पूर्वी वचन म्हणत, त्याजागी अंदाज हा शब्द आला. लोकांना हा बदल किरकोळ वाटला. व्यापाऱ्याला तो किरकोळ वाटणार नाही. वायदा मोडला तर शब्द जातो, अंदाज चुकला तर हिशेब दुरुस्त करतात. दोन आठवड्यांच्या शोधकामाला वायदा मानले की मुले दोनच गोष्टी करू शकतात, रात्री जागणे किंवा तपासणी उरकून टाकणे. बहुतेक वेळा दोन्ही.

मग अंदाज कशाच्या जोरावर करायचा? मागच्या स्प्रिंटमध्ये जेवढे काम खरोखर पुरे झाले, तेवढेच पुढच्या स्प्रिंटला घ्यावे. याला कालच्या हवामानाचा नियम म्हणतात, कारण आजचे हवामान बहुधा कालच्यासारखेच असते. अशा दोन-चार मुदतींची सरासरी म्हणजे टीमचा वेग. परंतु हा वेग टीमने स्वतःसाठी मोजायचा असतो. साहेबांनी दोन टीमचे वेग शेजारी ठेवून कमी असणाऱ्याला खडसावले की दुसऱ्या महिन्यापासून आकडे वाढतात आणि काम तेवढेच राहते. गज लहान केला की कापड जास्त भरते, ही युक्ती बाजाराला जुनी आहे.

उशीर झाला की माणसे वाढवावीत असेही मालकांना वाटते. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचा अनुभव घेतलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे की उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर उशीर वाढतो. नव्यांना शिकविण्यासाठी जुन्यांचे हात अडकतात. शिवाय पाच माणसांत आपसातील बोलण्याच्या जोड्या १० होतात, दहा माणसांत त्या ४५ होतात.

दिवसाची आखणी

स्क्रममध्ये रोजची बैठक १५ मिनिटांची असते. काल ठरविलेल्या वाटेवर आहोत काय आणि कुठे अडले आहे, एवढेच तेथे पाहायचे. ती ४५ मिनिटे चालत असेल आणि हजेरीसारखी घेतली जात असेल तर ती बैठक नव्हे. बाकीच्या दिवसात प्रत्येकाला सलग दोन-अडीच तास तरी कोणी न हटकता मिळाले पाहिजेत. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती अशी सवय लावून घेतली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणतात, तेच त्या पद्धतीचे नाव झाले. ज्याला जमेल त्याने ती वापरावी.

येथे आपल्या मुलांच्या मनातील एका शंकेबद्दल लिहिणे भाग आहे. जोहरच्या नमाजसाठी किंवा जुम्म्यासाठी उठलो तर कामात खंड पडतो असे साहेबांना वाटेल, म्हणून काही मुले संकोचतात. काम बिघडते ते अचानक येणाऱ्या हटकण्याने. ज्याची वेळ आधीपासून ठाऊक आहे तो खंड कामाचे नुकसान करीत नाही, कारण माणूस हातातले काम त्या बेताने आणून ठेवतो. म्हणून जुम्म्याची वेळ सर्वांच्या कॅलेंडरवर उघड लिहून ठेवावी. चोरून जाण्याने गैरसमज होतात, सांगून जाण्याने होत नाहीत.

रमजानचेही तसेच. स्प्रिंटची आखणी करताना कोण किती दिवस रजेवर आहे हे मोजतातच. दिवाळीत टीमची ताकद कमी धरतात, मग रमजानमध्ये रोजेदाराची संध्याकाळ वजा धरायला काय हरकत आहे? न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. अमेरिकेशी बोलण्याची वेळ आणि इफ्तारची वेळ यांची गाठ पडते ती यामुळेच. महिना सुरू होण्याआधी टीममध्ये हे बोलून पहाटेचे, सहरीनंतरचे तास देऊ करावेत. महिन्याभराचे काम आधीच बेताचे धरले तर शेवटच्या दहा दिवसांत धावपळ होत नाही. थोडे पण नेहमीचे अमल अल्लाहला जास्त प्रिय असतात ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहेच, ती नोकरीतही आपली वाट दाखवू शकते.

काम करून घेणाऱ्यांसाठी

आता गिऱ्हाइकाची बाजू. केंट बेक यांच्या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर झाला. बेक १९९६ मध्ये तेथे आले. सुमारे ८७ हजार नोकरांचा पगार त्यावर काढायचा होता. मे १९९७ मध्ये त्यातील सुमारे १० हजारांचा पगार निघू लागला. प्रोग्रामरांचे तास बेताचे होते, तपासणी रोजची होती. परंतु प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कंपनीतर्फे जी एक व्यक्ती टीममध्ये बसविली होती, ती काही महिन्यांत थकून काम सोडून गेली आणि तिची जागा भरता आली नाही. पुढे काम रेंगाळले आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला. गतीच्या तत्त्वात पैसे देणारा आणि वापरणारा यांचीही नावे का घेतली आहेत ते यावरून समजावे.

आपले व्यापारी सॉफ्टवेअर करून घेतात तेव्हा याच ठिकाणी अडते. शेठ स्वतः वेळ देत नाहीत, मुनीमजींना सांगतात की या मुलांना काय हवे ते सांगा. मुनीमजींकडे वसुली, बँक आणि जीएसटीचे कामही असते. ते संध्याकाळी सातनंतर फोन उचलतात, म्हणून टीमचीही संध्याकाळ सातनंतर सुरू होते. त्यापेक्षा आठवड्यात दोन दिवस सकाळचा एक तास या कामासाठी राखून द्यावा आणि त्या वेळेत मुनीमजींची दुसरी कामे खरोखर दुसऱ्याकडे द्यावीत. त्यांच्या जोडीला आणखी एक माणूस माहितगार करून ठेवावा, म्हणजे एक आजारी पडला तर काम थांबत नाही. दर पंधरवड्याला झालेले काम आपल्या खऱ्या बिलांवर, खऱ्या मालाच्या नावांनिशी चालवून पाहावे. आणि मध्येच नवी मागणी सुचली तर ती जरूर सांगावी, परंतु त्याच वेळी यादीतली कोणती मागणी मागे न्यायची तेही आपणच सांगावे. मार्चअखेर आणि ईदच्या सीझनमध्ये दुकानात कोणालाही फुरसत नसते, तेव्हा त्या दिवसांत नवे सॉफ्टवेअर चालू करण्याची तारीख धरू नये. कराराच्या वेळीच हे बोलून घ्यावे.